वॉकरटनच्या नळाचे पाणी

कॅनडात मुलांकडे गेलेली मराठी मंडळी नायगारा पाहिल्यावाचून सहसा परतत नाहीत. आम्हीही तो पाहिला, त्याचे तुषार अंगावर घेतले, छायाचित्रे काढली. पण लेकीने जेव्हा विचारले, ‘‘बाबा, अजून कुठे जायचंय?’’ तेव्हा मी ज्या गावाचे नाव घेतले, ते वॉटर्लूत तीन वर्षे राहूनही तिने ऐकले नव्हते. त्या गावात धबधबा नाही, राजवाडा नाही, प्रसिद्ध बाजारपेठ नाही. गावाचे नाव वॉकरटन. वैद्यकीय व्यवसायातील माझ्यासारख्या माणसाला ते नाव एका मे महिन्यामुळे ठाऊक असते. वाचकहो, आज आपणास त्या गावी घेऊन जावे, असे मनात आहे.

मे महिन्यातील एका सकाळी आम्ही निघालो. सोबत पत्नी, लेक आणि माझी ८२ वर्षांची आई. वॉटर्लू मागे पडले की एल्मायरा, लिस्टोवेल, हॅरिस्टन, क्लिफर्ड, मिल्डमे अशी लहान लहान गावे लागतात. एल्मायराच्या आसपास मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांच्या काळ्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेने संथपणे चालतात. दोन्ही बाजूंना सपाट, काळसर, नुकतीच नांगरलेली शेते. मध्येच लाल किंवा पांढरी कोठारे आणि चरणाऱ्या गाई. गाडीची काच खाली करताच शेणखताचा उग्र वास आत आला. लेकीने नाक मुरडले. आई मात्र हसली आणि म्हणाली, ‘‘अगं, हा तर आपल्या शेतातलाच वास. रोहिणीच्या आधी खत पसरतात ना, तसा.’’ आईचे म्हणणे खरे होते. या प्रवासातील पुढची सारी कथा त्या वासाशी जोडलेली आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

वॉकरटन हे सॉगीन नदीच्या काठचे, टोरोंटोच्या वायव्येस सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरचे गाव. २००० साली येथे सुमारे ४,८०० माणसे राहत होती. ब्रूस काउंटीचे हे मुख्य ठिकाण. त्यामुळे जुने न्यायालय आहे, रुंद मुख्य रस्ता आहे, विटांची टुमदार दुकाने आहेत. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाची कळा या गावाला आहे. आम्ही एका लहानशा उपाहारगृहात शिरलो. तेथील मुलीने न मागता पाण्याचे चार पेले आणून ठेवले. आईने पिशवीतील उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली बाहेर काढली होती. ती तशीच हातात धरून तिने माझ्याकडे पाहिले. ‘‘नळाचंच आहे ना रे? प्यायचं?’’

साधा प्रश्न होता. पण मला चटकन उत्तर देता आले नाही. का, ते सांगायचे तर आपणास थोडा वेळ कॅनडातून साताऱ्यास यावे लागेल.

साताऱ्यातील एक कागद

सातारा शहराच्या कडेला चाळीस सदनिकांची एक सोसायटी आहे. बोअरवेलचे पाणी जमिनीखालच्या टाकीत साठते आणि तेथून पंपाने गच्चीवर जाते. काही वर्षांपूर्वी श्रावणात तेथील पाच-सहा जण जुलाबाची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मी सर्वांना पाणी उकळून प्यायला सांगितले आणि पाणी तपासून घ्या, असेही सुचवले. चार दिवसांनी सचिव एक कागद घेऊन आले. सुबक छापलेला, गोल शिक्का असलेला. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘पाणी पिण्यास योग्य’.

त्याच सोसायटीत माझ्या वीस वर्षांच्या परिचयाच्या एक काकू एकट्या राहतात. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. त्यांनी मला विचारले, ‘‘डॉक्टर, आता उकळत बसू का? ते भरलेलं पातेलं मला उचलवत नाही हो.’’ मी सांगितले, ‘‘अहवाल चांगला आला आहे काकू, आता उकळलं नाही तरी चालेल.’’

नवव्या दिवशी त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जुलाबाने शरीरातील पाणी इतके कमी झाले होते की मूत्रपिंडांचे काम थांबत आले. दोनदा डायलिसिस करावे लागले. त्या वाचल्या, पण त्यांची मूत्रपिंडे पूर्वीसारखी राहिली नाहीत आणि आजही दर तीन महिन्यांनी त्या रक्त तपासून घेतात.

त्या रात्री मी तो कागद पुन्हा काढला आणि प्रथमच नीट वाचला. नमुना मिळाल्याची तारीख आणि अहवालाची तारीख एकच होती. पाण्यातील जिवाणू तपासायचे तर ते उबदार पेटीत वाढू द्यावे लागतात. त्यासाठी नेहमीच्या पद्धतीत किमान सुमारे एक दिवस लागतोच. सकाळी दिलेल्या पाण्याचा जिवाणूविषयक निकाल संध्याकाळी हाती येऊ शकत नाही, हे मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी शिकलो होतो. दूरध्वनी केला तेव्हा तेथील तरुणाने सरळपणे सांगितले, की त्यांच्याकडे क्षार, जडपणा असल्या रासायनिक चाचण्याच होतात. खालचा शेरा छापील साच्यातच असतो. नमुना वॉचमनने शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरला होता, हेही नंतर कळले. पुढे मानांकित प्रयोगशाळेने योग्य रीतीने तपासणी केली, तेव्हा त्याच टाकीच्या पाण्यात ई-कोलाय सापडला. टाकीजवळून जाणारी सांडपाण्याची वाहिनी फुटलेली होती.

काकूंना तोच संसर्ग त्या पाण्यातूनच झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मी त्यांना निर्धास्त केले, आणि त्या आश्वासनामागे काहीही नव्हते, एवढे मात्र निश्चित. रुग्णालयात त्या तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज म्हणाल्या होत्या, ‘‘तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले हो उकळायची.’’ ते वाक्य घेऊनच मी वॉकरटनला आलो होतो.

१७ मेचा फॅक्स

आता पुन्हा त्या उपाहारगृहाच्या खिडकीपाशी येऊ. बाहेर दिसणाऱ्या याच रस्त्यांवर २००० सालच्या मे महिन्यात काय घडले, ते क्रमाने पाहू.

त्या वर्षी ८ ते १२ मे या पाच दिवसांत वॉकरटनला सुमारे १३४ मिलिमीटर पाऊस झाला. गावाला विहिरींचे पाणी मिळे. त्यांपैकी पाच क्रमांकाची विहीर उथळ होती. तिचे पाणी अवघ्या ५ ते ८ मीटर खोलीवरून येई. शेजारच्या शेतात रीतसर पसरलेल्या शेणखतातील जंतू पावसाबरोबर जमिनीत झिरपून त्या विहिरीत उतरले. शेतकऱ्याचा त्यात दोष नव्हता. त्याने सर्व काळजी घेतली होती, असे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. पाण्यात दोन जिवाणू होते : ई-कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी.

असे पाणी आले तरी पुरेसे क्लोरिन त्याला निष्प्रभ करू शकते. पण क्लोरिन पुरेसे नव्हते, आणि ते रोज मोजले जात नव्हते. नोंदवहीत मात्र आकडे भरलेले होते, काल्पनिक. लोकांना क्लोरिनची चव आवडत नसे, म्हणून ते कमी घालण्याची सवय पडली होती. पाणीपुरवठा पाहणारे दोघे भाऊ दुष्ट होते असे नाही. तेही तेच पाणी पीत, आणि विहिरीचे पाणी मुळातच शुद्ध आहे, असे त्यांना मनोमन वाटे.

१५ मे रोजी पाण्याचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे गेले. १७ मे रोजी निकाल आला : पाणी दूषित आहे, ई-कोलाय आहे. प्रयोगशाळेने तो निकाल फॅक्सने पाठवला, आणि तो पाठवला केवळ पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाला. आरोग्य खात्याला कळवले नाही, पर्यावरण मंत्रालयालाही नाही. व्यवस्थापकाने तो कागद स्वतःजवळ ठेवला.

१८ मेला रक्ताचे जुलाब होणारी दोन मुले जवळच्या ओवेन साउंड येथील रुग्णालयात आली. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना ई-कोलायचा संशय आला आणि १९ मेला त्यांनी आरोग्य विभागाला दूरध्वनी केला. विभागाने पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात विचारणा केली. उत्तर मिळाले, ‘पाणी ठीक आहे.’ दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. अखेर २१ मे रोजी, कोणत्याही अहवालाची वाट न पाहता, आरोग्य विभागाने पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला आणि स्वतः नमुने घेतले. २३ मेला त्यांत ई-कोलाय असल्याचे निश्चित झाले. तोवर मृत्यू सुरू झाले होते.

सात माणसे दगावली. २,३०० हून अधिक आजारी पडली. म्हणजे जवळजवळ निम्म्या गावाएवढी संख्या. ६५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि २७ जणांना रक्तपेशी व मूत्रपिंडे यांवर आघात करणारी गंभीर गुंतागुंत झाली. मृतांत एक दोन वर्षांची बालिका होती. उरलेल्यांत बहुतेक साठी-सत्तरी-ऐंशी ओलांडलेले होते. पाणी उकळून पिण्याचा इशारा डिसेंबर २००० मध्ये मागे घेण्यात आला. सहा महिने सारे गाव नळ उघडताना बिचकत होते.

हे सांगताना माझ्या मनात आपण असता, म्हणून एक वैद्यकीय बाब येथेच नमूद करतो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. आम्लपित्ताच्या गोळ्या नित्य घेणाऱ्यांच्या जठरातील आम्ल कमी असते, आणि ते आम्ल हाच जंतूंविरुद्धचा पहिला पहारेकरी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर जुलाबात शरीर आणखी लवकर कोरडे पडते. जे पाणी तरुण माणसाला दोन दिवस त्रास देऊन सोडते, ते आजी-आजोबांना रुग्णालयात पोहोचवू शकते.

मानांकन म्हणजे काय?

या घटनेची चौकशी न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांनी केली. सुनावणी वॉकरटन गावातच झाली. २००२ मध्ये दोन भागांत अहवाल आला आणि त्यात एकूण १२१ शिफारशी होत्या. कर्तव्यात कसूर करणाऱ्या त्या दोघा भावांना २००४ मध्ये शिक्षाही झाली. पण न्यायमूर्ती दोन माणसांना दोषी धरून थांबले नाहीत. प्रयोगशाळेचा प्रश्न त्यांनी मुळापासून तपासला.

पूर्वी नगरपालिकांचे पाणी सरकारी प्रयोगशाळा तपासत. १९९६ मध्ये ऑन्टारियो सरकारने ती सेवा बंद केली आणि काम खासगी प्रयोगशाळांकडे गेले. खासगी असण्यात वावगे काही नाही. वावगे हे होते, की अशा प्रयोगशाळेला मानांकन असलेच पाहिजे, तेथील कर्मचारी अमुक पात्रतेचेच हवेत, वाईट निकाल आरोग्य खात्याला कळवलाच पाहिजे, असा कोणताही कायदा केला गेला नाही. मार्गदर्शक सूचना होत्या, सक्ती नव्हती. प्रयोगशाळेने आपल्या ग्राहकाला निकाल दिला आणि आपले काम संपले, असे मानले. ते पाणी पिणारे ४,८०० लोक तिचे ग्राहक नव्हते.

वाचकहो, मानांकन हा शब्द आपण भिंतीवरच्या चौकटीत पाहतो आणि पुढे जातो. त्यामागे काय असते, ते थोडक्यात सांगतो. चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी १७०२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते प्रथम १९९९ मध्ये आले आणि सध्याची आवृत्ती २०१७ ची आहे. त्रयस्थ संस्थेचे परीक्षक येऊन पाहतात, की चाचणी ठरलेल्या पद्धतीने होते का, माणसे शिकलेली आहेत का, उपकरणे खरे बोलतात का.

उपकरणे खरे बोलतात का, हा प्रश्न जिवाणूंच्या बाबतीत फार नाजूक असतो. शंभर मिलिलिटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गोल पडद्यातून गाळतात, तो पडदा पोषक माध्यमावर ठेवतात आणि उबदार पेटीत ठेवून देतात. जिवाणू असतील, तर प्रत्येकाच्या जागी डोळ्यांना दिसेल असा ठिपका वाढतो. आपली सुगरण दह्याचे विरजण कोठे ठेवायचे ते हवा पाहून ठरवते. तसेच हे आहे, फक्त येथे अंशाअंशाचा हिशेब असतो. पेटीचे तापमान दोन-तीन अंशांनी चुकले, तर जे उगवायला हवे ते उगवत नाही. आणि ठिपके न दिसलेल्या त्या ताटलीवरून कोणी सहज लिहून जातो, ‘आढळले नाही’. म्हणून पेटीतील तापमापकही प्रमाणित करून घ्यावा लागतो. दर खेपेस दोन साक्षीदार नमुने लावतात : एकात मुद्दाम घातलेला ई-कोलाय, जो उगवलाच पाहिजे, दुसऱ्यात निर्जंतुक पाणी, ज्यात काहीही उगवता कामा नये. शिवाय अधूनमधून बाहेरून बंद नमुना येतो. त्यात काय आहे हे प्रयोगशाळेला माहीत नसते. उत्तर इतर प्रयोगशाळांच्या उत्तरांशी ताडून पाहतात. याला प्रावीण्य चाचणी म्हणतात. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे वेगळे मानक आहे. म्हणून आपली रक्त तपासणीची विश्वासू प्रयोगशाळा पाण्यासाठीही तितकीच विश्वासू असेल, असे गृहीत धरू नये.

आता ऑन्टारियोत पिण्याचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला परवाना लागतो आणि तिला प्रत्येक चाचणीसाठी वेगळे मानांकन असावे लागते. निकाल वाईट आला, तर आरोग्य अधिकाऱ्यांना तत्काळ, प्रत्यक्ष बोलून सांगावे लागते आणि लेखीही कळवावे लागते. एका कोऱ्या खोलीत पडून राहणारा फॅक्स आता पुरेसा मानला जात नाही. २००४ पासून वॉकरटनमध्येच जलप्रशिक्षणाचे एक केंद्र चालते. प्रांतभरातून पाणीपुरवठ्याचे कर्मचारी तेथे शिकायला येतात. ज्या गावात नोंदवहीत खोटे आकडे भरले गेले, त्याच गावात आता ती नोंदवही कशी भरावी हे शिकवले जाते. मला हे त्या दुर्घटनेचे सर्वांत योग्य स्मारक वाटते.

पण चौकशी अहवालातील एक निष्कर्ष मला फार दिवस अस्वस्थ करत होता, आणि तो आपल्यापासून लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १७ मेचा निकाल आरोग्य विभागाला वेळेत कळला असता, तर सुमारे ३०० ते ४०० माणसांचे आजारपण टळले असते. मात्र एकही मृत्यू टळला असता, असे दिसत नाही. दूषित पाणी त्याआधीच लोकांच्या पोटात गेले होते. विहिरीवर क्लोरिन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती, तर हा उद्रेकच टळला असता, असे न्यायमूर्तींनी नमूद केले.

याचा अर्थ, प्रयोगशाळेचा उत्तमातील उत्तम अहवालसुद्धा कालच्या पाण्याविषयी बोलतो. आपण पितो ते आजचे पाणी. चांगली प्रयोगशाळा हवीच. पण तिच्या भरवशावर रोजचे क्लोरिन, रोजची देखरेख आणि अशक्त माणसासाठी उकळलेले पाणी सोडून चालत नाही. साताऱ्यात माझी चूक दुहेरी होती. कागद नीट वाचला नाही, ही पहिली. कागद खरा असता, तरी एका दिवशीच्या एका बाटलीवरून ७६ वर्षांच्या बाईला कायमचे निर्धास्त केले, ही दुसरी.

आपल्या घरचा अहवाल

हे सारे परदेशातील आहे, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हाच जिवाणू सापडला आणि परिसरातील पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. वॉकरटनच्या पाण्यातील दोन पाहुण्यांपैकी एक आपल्या घराजवळ येऊन गेला, असेच म्हणायचे.

आपल्याकडे प्रयोगशाळांना हे मानांकन एनएबीएल ही भारतीय गुणवत्ता परिषदेची संस्था देते. मानकही तेच, १७०२५. बहुतांशी ते ऐच्छिक असल्यामुळे पाहून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. त्यांतील अनेकांनी मानांकन मिळवले आहे, आणि सामान्य नागरिकालाही अल्प शुल्कात तेथे पाणी तपासून घेता येते. गावाकडे राहणाऱ्या वाचकांना ग्रामपंचायतीला मिळणारी लाल, पिवळी, हिरवी कार्डे आणि जलसुरक्षकाची ओटी चाचणी ठाऊक असेलच. ओटीचे दोन थेंब टाकल्यावर पिवळा रंग उमटला नाही, तर पाण्यात क्लोरिन उरलेले नाही, असे समजावे. ही चाचणी लहान आहे. पण वॉकरटनमध्ये जी रोज व्हायला हवी होती, ती हीच, म्हणजे उरलेले क्लोरिन मोजण्याची.

आपल्या सोसायटीच्या सचिवांनी किंवा टँकरवाल्याने अहवाल पुढे केला, तर शेवटची ओळ शेवटीच वाचा. आधी तारखा पाहा : नमुना कधी घेतला, प्रयोगशाळेत कधी पोहोचला, चाचणी कधी सुरू झाली व कधी संपली. मग कोणत्या चाचण्या केल्या ते पाहा. क्षार, जडपणा, सामू एवढेच असेल, तर जिवाणूंविषयी तो कागद मौन बाळगून आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय आढळता कामा नये, म्हणून निकाल ‘योग्य’ अशा एका शब्दात नव्हे, तर ‘१०० मिलिलिटरमध्ये आढळले नाही’ असा हवा. मानांकनाचे चिन्ह असेल, तर एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेचे नाव शोधून मुदत पाहा, आणि व्याप्तीच्या यादीत पाण्याची जिवाणू तपासणी आहे का, तेही पाहा. रासायनिक चाचण्यांसाठी मिळालेले मानांकन जिवाणूंच्या चाचणीला लागू होत नाही. हे काम नातवाला मोबाइलवर पाच मिनिटांत जमेल.

नमुन्याचेही तसेच. बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक हवी. तिच्या तळाशी थोडे चूर्ण किंवा थेंब असतो. तो क्लोरिनचा परिणाम थांबवण्यासाठी असतो, म्हणून ती विसळू नये. नळाला जाळी असेल तर काढावी, तोटी स्वच्छ पुसून निर्जंतुक करावी, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे, बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नये. भरलेली बाटली बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोहोचवावी. २४ तासांपेक्षा अधिक विलंब कधीच नको. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः नमुना घ्यायला येत असेल, तर उत्तम. आणि सोसायटीच्या बैठकीत एक ठराव करून ठेवा : निकाल वाईट आला, तर तो कोणी, कोणाला, किती वेळात सांगायचा. तो फलकावर लावायचा, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दारावर जाऊन सांगायचा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. घरात वृद्ध, मूत्रपिंडाचा रुग्ण किंवा केमोथेरपी घेणारे कोणी असेल, तर अहवाल कसाही असो, पाण्याला खळखळून उकळी येऊन एक मिनिट जाऊ द्या आणि झाकून ठेवा. भरलेले पातेले ज्येष्ठांना उचलायला लावू नका. लहान भांड्यात दोनदा उकळा. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या. रक्त पडत असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी किंवा घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःहून देऊ नका. ई-कोलायच्या काही प्रकारांत त्याने अपाय वाढू शकतो. लघवी कमी झाली, गुंगी आली, तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्या.

पेला

आई अजून माझ्या उत्तराची वाट पाहत होती. मी म्हणालो, ‘‘पी आई, इथलं पाणी चांगलं आहे.’’ तिने विचारले, ‘‘कशावरून?’’ आणि मला बरे वाटले. हा प्रश्न काकूंनी मला विचारायला हवा होता, आणि त्यांनी नाही विचारला, तर मी स्वतःला. मी तिला सांगितले, की या गावात पाण्यात क्लोरिन किती उरले ते सतत मोजतात, ज्यांना अधिकार आहे तेच तपासतात, आणि काही बिघडले तर लपवता येत नाही. तिने पेला उचलला, दोन घोट घेतले आणि म्हणाली, ‘‘जरा औषधासारखं लागतंय.’’ ती चव क्लोरिनची होती.

परत आल्यावर मी काकूंकडे गेलो. त्यांच्या सोसायटीत आता दर तीन महिन्यांनी मानांकित प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो, आणि टाकीच्या पाण्याची ओटी चाचणी करून वॉचमन रोज सकाळी वहीत नोंद करतो. ताजा अहवाल काकूंनी माझ्यापुढे ठेवला. मी तारखा पाहिल्या, पद्धत पाहिली, आकडे पाहिले आणि शेवटची ओळ सर्वांत शेवटी वाचली. अहवाल चांगला होता.

‘‘मग, उकळू की नको?’’ काकूंनी विचारले.

‘‘उकळायचं, काकू,’’ मी म्हणालो. ‘‘आणि पातेलं मी सांगतो तेवढं लहान घ्यायचं.’’